जास्तीची सात परीक्षणं

वाशीम, २ डिसेंबर २०२४

प्रिय निता,

सहा वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही कामाचं, तेव्हा आधी पोटभर चिडून घे. नांदेड इथून रेल्वेनं तीन तासांवर, फोन चोवीस तास खिशात. पण फोनवर तू ‘काय झालं?’ विचारशील आणि मी तिथेच अडकेन. कागदावर माणसाला आपल्या चालीनं चालता येतं.

‘गावदवाखाना’ अजून निघतो. खेड्यापाड्यातल्या डॉक्टरांनी आपले अनुभव मराठीत लिहावेत, आणि दुसऱ्या दोन डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्यातली ओळही छापू नये, या आपल्या दोघांच्या हट्टावर काढलेलं त्रैमासिक इतकी वर्षं तगेल, असं तुला तरी वाटलं होतं का? डिसेंबरच्या अंकातला ‘वर्षाचा आढावा’ तू लिहायचीस. तू नांदेडला गेल्यापासून मी लिहितो आणि तो कुणी वाचत नाही. यंदाचा मसुदा सोबत आहे. त्यातला एक आकडा तेवढा बघून दे.

वर्षभरात लेख आले बत्तीस. छापले चौदा. दर लेखाला दोन परीक्षक, म्हणजे परीक्षणं मागवली चौसष्ट. आणि आली एकाहत्तर.

हस. मीही हसलो होतो. परीक्षकांच्या मागे लागून आपल्या चपला झिजल्या, ‘आज देतो, उद्या देतो’ ऐकून कान किटले, आणि आता न मागवलेली सात जास्तीची! बेबीताईंना म्हटलं, पुन्हा मोजा. बेबीताई होत्या तशाच आहेत. ऑफिस एका खोलीचं असलं तरी रजिस्टर त्यांचं, आणि त्या रजिस्टरपुढे संपादकाला किंमत नाही. त्या म्हणाल्या, “सर, मी तीन खेप मोजले. एकाहत्तरच हायेत. तुमी कोनाले जास्तीचे धाडले असन तं सांगा. मी नाई धाडले.”

सातही ‘जऊळका’ची आहेत.

परीक्षकाचं नाव लेखकाला कळू नये म्हणून प्रत्येकाला एकेका गावाचं नाव द्यायची तुझी युक्ती अजून चालू आहे. केनवड आहे, इंझोरी आहे. जऊळका म्हणजे आपले देवमन खिल्लारे सर. येत्या जानेवारीत सरांना जाऊन सहा वर्षं होतील. त्यांच्या अंत्ययात्रेला तू नांदेडहून आली होतीस. मी गर्दीत मागे मागे राहिलो होतो, तुझ्या लक्षात आलंच असेल.

मेलेल्या माणसाचं नाव रजिस्टरमध्ये कसं, विचारशील. नियम तुझाच आहे. परीक्षकाच्या प्रश्नाला लेखकाचं लेखी उत्तर आल्याशिवाय फाईल बंद होत नाही, आणि फाईल उघडी असेतो परीक्षकाचं नाव कापता येत नाही. सरांकडे गेलेला शेवटचा लेख माझाच होता, साप चावलेल्यांवरचा: प्रतिविषाच्या दहा व्हायलऐवजी पाच देऊन सहा तास वाट पाहायची, त्याचा अनुभव. सरांनी एकच प्रश्न विचारला होता. ‘गोषवाऱ्यात त्रेचाळीस रुग्ण आहेत, तक्त्यात बेचाळीस. त्रेचाळिसावा कोण?’ टायपिंगची मामुली चूक होती. मी गोषवाऱ्यात बेचाळीस केले, पण उत्तराचा कागद भरायचा राहिला, तेवढ्यात सर गेले, आणि मार्चमध्ये लेख तसाच छापला. त्यामुळे दर डिसेंबरला परीक्षकांचे आभार मानताना सरांचं नाव जिवंत माणसासारखं छापलं जातं. बेबीताई दरवेळी टोकतात, “सर, निदान कालकथित तं लिवा त्याईच्या नावापयले. आपलीच मानसं काय म्हनतीन?” मी म्हणतो, फाईल उघडी आहे.

तर ही सात परीक्षणं. जुलैपासून दर थोड्या दिवसांनी एक, सोमवारच्या टपालाच्या ट्रेमध्ये, आपल्याच ऑफिसच्या पाकिटात. तिकीट नाही, शिक्का नाही. छापील परीक्षणपत्र जुनं आहे, ज्याच्या तळाशी ‘सहसंपादक: डॉ. निता आडे’ असं असायचं. ती परीक्षणपत्रं २०१९ मध्येच संपली. हा कागद मात्र कोरा करकरीत, आणि अक्षर सरांचं. ‘क्ष’ची तीच गाठ.

आणि परीक्षणं चांगली आहेत, निता! पंडुरोगाच्या लेखात तक्ता दोनची बेरीज दोननं चुकली होती. दोन्ही जिवंत परीक्षकांना दिसली नाही, या परीक्षणात दिसली. कुणीतरी थट्टा करतंय हे उघड आहे. आमच्या घरात भुताचं नाव काढलं की बाप पायताण शोधायचा, तेव्हा मी त्या वाटेला जाणार नाही. पण आढाव्यात काय लिहू? चौसष्ट की एकाहत्तर?

जाता जाता: गेल्या महिन्यात मंगरूळपीरच्या स्टँडवर तुझा बादल भेटला. केस पांढरे झालेत त्याचे. म्हणाला, “डाक्टरसाहेब, माही बाई बरी हाये ना?” मी म्हटलं, आमचाही संपर्क नाही. तुम्हा भाऊ-बहिणीत अजून अबोलाच आहे हे तेव्हा कळलं. मला वाईट वाटलं.

तुझा,
अश्वजित

—

वाशीम, १५ डिसेंबर २०२४

प्रिय निता,

उत्तर नाही. तक्रार करायला मला तोंड नाही. तू गेल्यावर मला तीन पत्रं पाठवली होतीस आणि मी एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. त्यातल्या पहिल्यात तू आईबद्दल लिहिलं होतंस, ‘याडीच्या बाबतीत तुझा काही दोष नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस.’ ते वाचल्यावर पुढची दोन मी उघडलीसुद्धा नाहीत. कपाटात आहेत.

आढावा अडलाय. प्रेसवाले लखीराम दोनदा येऊन गेले. कारण आकडा आता एकाहत्तर राहिलेला नाही, बहात्तर झालाय.

सविस्तर सांगतो. खऱ्या केनवड गावाकडच्या डॉ. साक्षी सरकटे म्हणून एक हुशार मुलगी आहे, त्या बत्तिसांतला एक लेख तिचा. माझ्या त्या जुन्या लेखाप्रमाणे तिनं अकरा सर्पदंशांना पाच-पाच व्हायल दिल्या आणि सहा तास थांबली. नऊ वाचले, दोन गेले. गेलेल्या दोघांबद्दल तिनं लिहिलंय, ‘उशिरा आले.’ आपल्या दोन्ही परीक्षकांनी ‘स्वीकारावा’ म्हणून कळवलं. सोमवारी ट्रेमध्ये तिसरं परीक्षणपत्र. आपल्या परीक्षणपत्राचा चौथा रकाना तुला आठवतो, ‘फक्त संपादकांसाठी’, जो लेखकाला दाखवत नाहीत? त्यात सरांच्या अक्षरात: ‘मूळ लेखाला उत्तर आलेले नाही. त्यावर दुसरा लेख उभा करू नये.’

मग मी आधीची सात पुन्हा काढली. खरं सांगतो, चौथे रकाने मी नीट वाचले नव्हते. वरची तीन रकान्यांची परीक्षणं चोख होती, लेखकांना धाडली, मोकळा झालो. आता क्रमानं वाचले. जुलैच्या पहिल्यात एवढंच होतं: ‘त्रेचाळिसाव्याचा शोध सुरू आहे.’ ऑगस्टमध्ये: ‘त्रेचाळिसावा नव्हे, त्रेचाळिसावी.’ पुढच्यात: ‘स्वतःच्या पायांनी चालत आली.’

तिथून पुढे भाषाच बदलते. सरांना तू ओळखतेस. ‘मुळे’ आणि ‘मुळं’ यावरून त्यांनी मला एकदा भर सभेत उभं केलं होतं. बोलीतला शब्द कागदावर आला की त्यांना पित्त व्हायचं. आणि त्यांच्याच त्या वळणदार अक्षरात सप्टेंबरच्या कागदावर लिहिलंय: ‘बाकावर बसवलं. बाक हालत होता.’ पुढच्यावर: ‘पानी मांगलं. म्हने आता नाई.’ आणि सातव्यावर: ‘बाकावरून उठवलं, मंग बसवलं कुठी? तक्त्यात तं मी नाई.’

शेवटच्या चारही कागदांवर परीक्षकाच्या सहीच्या जागी अंगठा आहे. निळ्या शाईचा.

मी चिडलो. बेबीताई चैत्यभूमीहून परत आल्या तशा त्यांच्यावरच घसरलो, की हे उद्योग तुमचे, जुनी परीक्षणपत्रं तुम्हीच लपवून ठेवली असणार. वीस वर्षांत त्यांच्याशी असा कधी बोललो नव्हतो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सर, मी त्या चवथ्या डब्यात कधी पायलं नाई. मॅडम सांगून गेल्या होत्या, तो डबा सरायचा हाये, म्या तितं पाहाचं नाई. तुमचा डबा तुमाले वाचवत नसन तं माह्यावर कायले भडकून राह्यले?” आणि डबा खाऊन घ्या म्हणाल्या, जेवायची वेळ झाली होती. मी माफी मागितली.

पूर्वी माझ्या दवाखान्यात होत्या त्या मनकर्णाबाई सिस्टरची ही खोडी असेल, असंही एकदा वाटलं. मग आठवलं की त्या कोरोनात गेल्या.

कुणाबद्दल लिहिलंय हे सगळं, मला काही कळत नाही. डॉ. साक्षीचा लेख मी अडवून ठेवलाय. तुझ्या डोळ्यांसमोर असता तर तू काय केलं असतंस?

अश्वजित

—

वाशीम, २८ डिसेंबर २०२४

निता,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याच्या आधीच्यातही. ‘मला काही कळत नाही’ हे वाक्य खोटं आहे हे माहीत असून मी ते लिहिलं, म्हणून आज आधी तेच सांगतो. मला पहिल्यापासून सगळं कळत होतं.

काल नववं परीक्षणपत्र आलं. वरचे तीन रकाने कोरे. चौथ्यात एकच ओळ:

‘तुमी माह्या नितूसंगं शिकले ना? मंग मले भेव नाई.’

हे वाक्य तुझ्या याडीनं मला म्हटलं होतं. १४ सप्टेंबर २०१८, दुपारी. तपासणीच्या खोलीत मी, त्या आणि पडदा, चौथं कुणी नव्हतं. बादल औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेला होता. मनकर्णाबाई दुसऱ्या रुग्णाकडे होत्या. हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

कमलीबाईंना शेतात घोणस चावली सकाळी दहाला. तू फोनवर बादलला सांगितलंस, मध्ये कुठे थांबू नको, सरळ वाशीमला अश्वजितकडे ने. तो कुठेही थांबला नाही, निता. दवाखान्यात पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या चालत आल्या. बाकावर बसल्या. बाकाचा एक पाय आखूड होता, तो हलायचा. रक्त गोठत नव्हतं. मी पाच व्हायल दिल्या. फ्रिजमध्ये आणखी अठरा होत्या.

अठरा होत्या आणि मी पाच दिल्या, कारण त्या त्रेचाळिसाव्या होत्या. बेचाळीस लोक पाचांवर वाचले होते. चार वाजता हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, “साहेब, अजून देऊ ना?” मी म्हटलं, सहा तास होऊ द्या. पाणी मागितलं तेही आता नको म्हटलं. सहा वाजून पन्नास मिनिटांनी त्या गेल्या. सहा तास व्हायला वीस मिनिटं कमी होती. लेखाची काळजी मला त्यांच्यापेक्षा जास्त होती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

माझ्या लेखाचा एक नियम होता: चावल्यापासून सहा तासांनंतर आलेला रुग्ण तक्त्यात धरायचा नाही. केसपेपरवर मनकर्णाबाईंनी येण्याची वेळ इंग्रजी आकड्यांत लिहिली होती. इंग्रजी एकाचा चार करायला दोन रेघा लागतात. एक दहाचे चार दहा झाले. सहा तास दहा मिनिटं. दहा मिनिटांनी तुझी याडी तक्त्याबाहेर गेली. मनकर्णाबाईंनी तो कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्याच महिन्यात काम सोडलं.

तू त्या दिवशी बाहेरगावी होतीस, संध्याकाळी पोचलीस. केसपेपर मागितलास. डॉक्टर होतीस, आधी कागद बघितलास. आणि व्हरांड्यात बादलला विचारलंस, इंझोरीहून वाशीमला यायला सहा तास कसे लागले, कोणत्या मांत्रिकाच्या दारात बसवलं होतंस तिला? तो रडत माझ्याकडे वळला. “डाक्टरसाहेब, तुमी सांगा ना हिले! आमी जेवाच्या टायमालेच आलतो ना?” तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, “कागदावर चार दहा आहे.”

एवढंच म्हटलं. खोटं बोललो नाही, असं त्या वेळी स्वतःला सांगितलं. कागदावर चार दहाच होतं.

त्यानंतर तू भावाचं तोंड पाहिलं नाहीस. आणि मला लिहिलंस, तुझा काही दोष नाही.

आज सकाळी मी तिजोरीतली जुनी फाईल काढली. भरती करताना कमलीबाईंनी संमतीच्या कागदावर अंगठा दिला होता. त्यांच्या अंगठ्यावर विळ्याचा आडवा वण होता, तुला माहीत असेल. परीक्षणपत्रावरचा अंगठा शेजारी ठेवला. वण त्याच जागी, तेवढाच. मी भिंग घेऊन दहा मिनिटं बघत होतो आणि मग ते खाली ठेवून दिलं.

मला जे वाटतं ते लिहितो, मग तू मला वेडा ठरव. सरांनी विचारलं होतं, त्रेचाळिसावा कोण? मी उत्तर दिलं नाही. फाईल उघडी राहिली, नाव रजिस्टरात राहिलं, आणि दरवर्षी आपण छापत राहिलो की हे आमचे परीक्षक आहेत. सर कामाला चुकणारे नव्हते. त्यांनी शोध घेतला आणि तिकडे त्यांना ती सापडली. तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगत गेली आणि ते लिहीत गेले, तिच्याच शब्दांत, एकही शब्द न सुधारता.

मला भीती वाटते, निता. सरांची नाही. त्या बाईंनी मला एकदाही दोष दिलेला नाही, नऊच्या नऊ कागदांत. त्याची भीती वाटते.

डॉ. साक्षीला मी तुझ्या आधी फोन केला, कारण साप माझ्या पत्राची वाट बघणार नाहीत. सांगितलं की माझा लेख खोटा आहे, आजपासून पूर्ण मात्रा द्या. ती म्हणाली, “सर, ते दोघं उशिरा आले नव्हते. मीच तसं लिहिलं. तुमचा लेख बरोबर आहे तर चूक वेळेचीच असेल, असं मी धरून चालले.” तिचं वय एकोणतीस आहे.

बादलला मी काही सांगितलेलं नाही. आधी तुला.

अश्वजित

—

वाशीम, ९ जानेवारी २०२५

निता,

हे पत्र नाही, काम आहे. खालचा मजकूर ‘वर्षाचा आढावा’च्या जागी, पहिल्या पानावर जाईल. केसपेपरची प्रत, अंगठ्याचा कागद आणि माझा लेखी जबाब पोलिसांकडे आणि वैद्यक परिषदेकडे कालच दिला. माझा परवाना जाईल, जाऊ दे.

शुद्धिपत्र. ‘गावदवाखाना’च्या मार्च २०१९ च्या अंकातील ‘सर्पदंशात कमी मात्रा’ या लेखातून एक रुग्ण संपादकाने जाणूनबुजून वगळला होता. तक्त्यातील त्रेचाळिसावी ओळ अशी वाचावी: स्त्री, वय ५८, इंझोरीजवळील तांडा. दंश सकाळी १०.००. आगमन दुपारी १.१०. मात्रा पाच व्हायल, उपलब्ध असताना अधिक दिल्या नाहीत. मृत्यू सायंकाळी ६.५०. केसपेपरवरील आगमनाची वेळ लेखकाने बदलली. रुग्णाच्या नातेवाइकांकडून कोणताही उशीर झाला नव्हता. या लेखावर विसंबून कुणीही उपचार करू नयेत. परीक्षक डॉ. देवमन खिल्लारे यांच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. अश्वजित पडघान, लेखक व संपादक.

आपल्या नियमानं परीक्षण झाल्याशिवाय ओळ छापत नाहीत. हा मजकूर तपासायचा अधिकार असलेली एकच परीक्षक जिवंत आहे. सोबत एक कोरं परीक्षणपत्र जोडलंय. पाकीट माझ्या हातानं बंद केलंय, बेबीताईंनी रजिस्टरला नोंद केली आहे आणि टपालात टाकायलाही मीच चाललोय.

अश्वजित

—

परीक्षणपत्र

लेख: शुद्धिपत्र
परीक्षक: निता कमलीबाई आडे, नांदेड. गावाचं नाव नको, माझंच छापा.
दिनांक: २१ जानेवारी २०२५

रकाना १. लेखाचे गुण
वेळ, मात्रा आणि कारण तिन्ही दिलेली आहेत. भाषा साधी आहे. पळवाट नाही.

रकाना २. सुधारणा
‘स्त्री, वय ५८’ एवढ्यावर भागणार नाही. नाव छापावे: कमलीबाई हरिसिंग आडे. मुलगी म्हणून माझी संमती आहे. मुलाचीही आहे.

आगमनाची वेळ चुकली आहे. १.१० नव्हे, १२.५५. तुमच्या दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे होतं. बादलनं आत शिरताना स्वतःच्या मोबाइलवर वेळ पाहिली होती आणि ती तो सहा वर्षं धरून बसला होता, कुणी विचारेल म्हणून. रविवारी मी त्याला फोन केला. त्यानं उचलला. मी काहीही विचारायच्या आधी तो आमच्या बोलीत म्हणाला, “बाई, एकाला पाच कमी होते.” तुम्ही त्याला काही सांगितलं नव्हतं असं लिहिता. मीही सांगितलं नव्हतं. त्याला कुणी सांगितलं हे मी विचारलं नाही.

मी कागद खरा धरला आणि भाऊ खोटा. ही चूक माझी आहे. ती तुमच्या शुद्धिपत्रात येत नाही. उद्या इंझोरीला जाते आहे, ती तिथे जाऊन दुरुस्त करीन.

रकाना ३. शिफारस
वरील दोन सुधारणांसह स्वीकारावे. मूळ लेख मागे घ्यावा. डॉ. साक्षी सरकटे यांच्या दोन्ही रुग्णांच्या घरी संपादकांनी स्वतः जाऊन खरी वेळ सांगावी. अंक बाहेर पडताच संपादकांनी पद सोडावे.

रकाना ४. फक्त संपादकांसाठी
अश्वजित, माफीचं तू विचारलं नाहीस, ते बरं केलंस. मला आज देता आली नसती आणि नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

पाकीट मी स्वतः फोडलं. एक कोरं परीक्षणपत्र जोडलंय असं तू लिहितोस. आत दोन होती. दुसरं भरलेलं होतं, चारही रकाने, कडेच्या मोकळ्या जागेतसुद्धा, सरांच्या अक्षरात, आणि खाली अंगठा. ते मी परत पाठवत नाही. ते संपादकांसाठी नव्हतं.